पेंटो वर जाण्याआधी

खर्डी सोडून लोकल उंबरमाळीला आली की पुढचं स्टेशन कसारा, आणि तिथून थळ घाट. चढ 37 फुटांना 1 फूट. पाठीमागून बँकर इंजिनांनी रेटा दिल्याशिवाय जड गाडी वर जात नाही. डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट आहेत खरे, पण पेंटो, म्हणजे त्या तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, खाली असलेल्या थंड इंजिनाला त्यांचा उपयोग काय? पेंटो उचलायला हवेचा दाब लागतो. टाकीत तो नसला तर बेबी काँप्रेसर भरतो, आणि तो चालतो 110 व्होल्टच्या बॅटरीवर. पुष्कळ इंजिनांत ही बॅटरी निकेल-कॅडमियमची असते.

तिच्यात अ‍ॅसिड नाही, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं जहाल पाणी असतं. सगळी करामत प्लेटवरच्या थराची.

निकेलच्या प्लेटवर हिरवट निकेल हायड्रॉक्साइड असतं. चार्जिंग सुरू झालं की त्यातला इलेक्ट्रॉन तारेत जातो आणि प्रोटॉन द्रावणात निसटतो. मागे उरतं काळं ऑक्सिहायड्रॉक्साइड. निकेल विरघळत नाही, त्याचे पापुद्रे जागच्या जागी राहतात. या बॅटरीच्या दीर्घायुष्याचं हे एक मोठं कारण.

कॅडमियमची तऱ्हा निराळी. बॅटरी वापरताना ते किंचित विरघळतं आणि लगेच हायड्रॉक्साइड होऊन प्लेटवरच साक्यासारखं बसतं. थर विरळ आहे तोवर ठीक. थंडीत एकदम जास्त करंट ओढला तर तो दाट बसतो, खालच्या धातूपर्यंत द्रावण पोचत नाही, आणि धातू शिल्लक असूनही बॅटरी मान टाकते. म्हणून प्लेटमधला माल भरीव नसतो, सच्छिद्र असतो. पृष्ठभाग मोठा, म्हणून थर पातळ.

रुळांखालच्या सिमेंटच्या स्लीपरमध्ये मात्र याच्या उलट, घट्ट थर हवा. सिमेंटचा सामूही 12 च्या वर. आतल्या पोलादी तारांवर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा घट्ट थर बसतो आणि इथला चार महिन्यांचा पाऊस झेलूनही तार शाबूत राहते. तो जितका घट्ट तितका बरा.

बॅटरीची निगा राखणाऱ्यांसाठी थोडं. चार्जिंगमुळे या द्रावणाची घनता जवळजवळ बदलत नाही, तेव्हा हायड्रोमीटर बुडवून चार्ज किती ते कळायचं नाही. झाकण उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून कार्बोनेट तयार होतं. पाणी डिस्टिल्डच घालावं, आणि अ‍ॅसिडच्या बॅटरीला वापरलेलं नरसाळं इथे अजिबात आणू नये.