शाम्पूची पुडी जाते कुठे?

शाम्पूची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, पण रिकामी पुडी फुकट दिली तरी घेत नाही. असं का, ते आज समजून घेऊ.

बाटली बहुधा एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो : १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई. धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याची नवी वस्तू होते. पुडीत मात्र पॉलिस्टर, पॉलिथिन आणि पुष्कळदा ॲल्युमिनियम यांचे अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे आतला माल टिकतो, पण ते थर पुन्हा सुटे करणं परवडत नाही. त्यात पुडी वजनाला हलकी, म्हणून कचरावेचक बाईला ती वेचून हाती काही लागत नाही. मग पुडी गटारात अडकते, नाहीतर नाल्यातून नदीला मिळते. लोशनच्या पंपाचीही हीच अडचण. त्यात दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक आणि बहुतेकदा धातूची स्प्रिंगही असते.

रोजच्या कमाईतून दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या घराला मी दोष देणार नाही. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे असं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपनीची आहे. या नियमांखालच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत अशा बहुस्तरीय प्लॅस्टिकचा वेगळा वर्गच केलेला आहे. ही जबाबदारी कागदावर न राहता आपल्या गल्लीत दिसली पाहिजे.

आपल्या हातात काय आहे? ज्यांना जमेल त्यांनी साध्या झाकणाची मोठी बाटली घ्यावी. अंगाला कागदात गुंडाळलेली साबणवडी, केसांना शिकेकाई-रिठा, हे तर आपल्या घरात रुळलेलंच आहे. रिफिलचं पाऊच घेताना जपून. प्लॅस्टिक कमी लागतं, पण तेही पुष्कळदा थरांचंच असतं. रिकामी बाटली विसळून, पंप काढून सुक्या कचऱ्यात द्या. बंब पेटवायला पुड्या टाकू नका, तो धूर घरातल्या लेकराबाळांच्या छातीत जातो. आणि वेष्टनावर ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असतो. तिथे दोन ओळी लिहून विचारा, ‘तुमच्या रिकाम्या पुड्या आमच्या गावातून कोण, कधी नेणार?’ बचत गटानं मिळून विचारलं, तर उत्तर टाळणं कंपनीला जड जाईल.