गावाचे स्वतःचे इंटरनेट

२०२० सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. महाविद्यालये बंद होती आणि आम्ही प्राध्यापक मंडळी घरी बसून मोबाईलच्या पडद्यावर तास घेत होतो. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी रोज उघड्यावर बसलेला दिसे. मागे करवंदीच्या जाळ्या, डोक्यावर छत्री. एके दिवशी मी विचारले, "अरे, घरात बसून ऐकता येत नाही का?" तो म्हणाला, "सर, घरात रेंज नाही. टेकाडावर एवढ्या एका जागी येते." पाऊस वाढला तसा तो दिसेनासा झाला. त्या सत्रातले त्याचे निम्मे तास बुडाले.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? असली टेकाडे आमच्याही गावाला आहेत. खरे आहे. मीही तेव्हा 'टॉवर येईल तेव्हा येईल' असे म्हणून स्वस्थ बसलो. वस्तुतः अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तसे बसू नये. टॉवर का येत नाही, याचे कारण उघड आहे. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी केलेला खर्च कंपनीला भरून निघत नाही. पण जे कंपनीला परवडत नाही, ते गावाला मिळून परवडेल काय? या प्रश्नाचे उत्तर एका परक्या मुलखातल्या खेडुतांनी करून दाखवले आहे. त्याची हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

स्पेन देशाच्या ईशान्येला कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या बार्सेलोना शहरापासून उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर ओसोना नावाचा भाग लागतो. गुर्ब हे त्यातले एक गाव. आपल्याकडे शेतात वस्ती करून राहतात, तशीच तिथली घरे लांबलांब विखुरलेली. रामोन रोका हा संगणकाच्या व्यवसायातला गृहस्थ तिथे राहत होता. त्याला घरी वेगवान इंटरनेट हवे होते आणि ते देणारे कोणी नव्हते. तेव्हा २००४ साली त्याने आणि त्याच्यासारख्याच अडलेल्या काही मंडळींनी स्वतःच जोडणी करायचे ठरवले. या जाळ्याचे नाव पडले गिफी-नेट.

त्यांनी केले काय? घरातल्या वायफायच्या पेटीचा पल्ला दोनचार खोल्यांपुरता असतो. पण त्याच लहरी छपरावरच्या लहानशा डिशमधून एकाच दिशेला सोडल्या, तर त्या कित्येक किलोमीटर जातात. अट एकच : एका डिशवरून दुसरी नजरेच्या टप्प्यात हवी, मध्ये डोंगर नको. मग जिथे इंटरनेट पोचले आहे तिथून एका छपरावर, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या छपरावर, अशी साखळी होते. ज्याच्या घरी ते आले, त्याने ते पुढच्याला द्यायचे. पुढे २००९ पासून गुर्बमध्ये या मंडळींनी फायबरची तारही टाकायला घेतली. दहाबारा वर्षांत जाळ्यातल्या ठिकाणांची संख्या ३०,००० च्या वर गेली, आणि २०१५ साली युरोपीय आयोगाने या प्रयोगाला पारितोषिक दिले.

आता यातले मर्म पाहा. डिश आणि तार बाजारात मिळते. बाजारात मिळत नाही तो करार. माझ्या छपरावरची डिश मी विकत घेतली, तेव्हा ती माझी. पण तिच्यातून जाणारी वाट सर्वांची. शेजाऱ्याशी माझे पटत नाही म्हणून मला ती अडवता येणार नाही. गिफी-नेटने हे लेखी करून ठेवले आहे. कोणालाही त्याच अटींवर जाळ्यात येता येते, त्यात भर घालता येते, ते कसे बांधले आहे हे पाहता येते. दुसऱ्याच्या वापराला मात्र बाध आणायचा नाही.

हे वाचून धुळे-नाशिककडच्या वाचकांना फडाची आठवण झाली असेल. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी नेण्याची ही जुनी पद्धत. शेत ज्याचे त्याचे, पण पाट साऱ्यांचा. पाणी पाटकरी वाटून देणार, आणि पाटातला गाळ काढायला साऱ्यांनी हात लावायचा. ही शिस्त आपल्याला नवी नाही. पाण्याच्या जागी इंटरनेट घातले, एवढेच.

"मग हे फुकट मिळते काय?" असे मला एका सरपंचांनी विचारले होते. नाही, फुकट नाही. गिफी-नेटचा व्यवहार पाहायला २००८ साली एक संस्था स्थापन झाली. या जाळ्यावरून इंटरनेट विकणारे छोटे व्यावसायिकही आहेत. विक्रीला त्यांना मज्जाव नाही. मात्र जो जितकी वाहतूक करील, त्याने त्या मानाने खर्चाचा वाटा उचलायचा. ज्यांनी आधी पदरचे पैसे घातले, त्यांची भरपाईही या हिशेबातून होते.

अडचणी आहेतच. वाऱ्याने डिश फिरते, वीज जाते, आणि ज्याला सारे समजते तो तरुण नोकरीसाठी पुण्याला निघून जातो. आपल्याकडच्या नळपाणी योजना आठवा. उद्घाटन थाटात होते. पंप जळला की वर्गणी कोणी काढायची, यात दोन उन्हाळे जातात. जाळ्याचेही तेच होईल, जर देखभाल कोणाकडे आणि पैसा कोठून, हे आधी ठरले नाही तर.

आपल्याकडे वाट अगदीच बंद नाही. वायफायच्या लहरींचा एक पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. भारतनेट योजनेतून फायबरची तार अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आली. डिसेंबर २०२० मध्ये मान्य झालेल्या पीएम-वाणी योजनेने किराणा दुकानदारालाही परवान्यावाचून सार्वजनिक वायफाय देण्याची मुभा दिली. पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत मुंबईच्या आयआयटीने बिनतारी जोडणीचे प्रयोगही केले आहेत. अडते ते पंचायतीच्या कचेरीपासून वाडीपर्यंतच्या दोनतीन किलोमीटरांत. तेवढे अंतर गावाला तोडता येईल.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या पंचायतीपर्यंत तार आली आहे काय, आणि ती चालू आहे काय? तिथून कोणकोणत्या वाड्या नजरेच्या टप्प्यात येतात? आणि बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, पट्टी किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळतील. तिसऱ्याला वेळ लागेल, भांडणेही होतील. होऊ द्यावीत. तो प्रश्न सुटेपर्यंत एक रुपयाचीही डिश घेऊ नका.

माझा तो विद्यार्थी पुढे पदवीधर झाला. त्याची धाकटी बहीण यंदा आमच्याच महाविद्यालयात आली आहे. परीक्षेचा अर्ज भरायला ती अजून त्याच टेकाडावर जाते.