खुशालीचं पत्र

आमचे अब्बा मुंबईला गोदीत नोकरीला होते. दर पंधरवड्याला त्यांचं पोस्टकार्ड गावी यायचं. मजकूर ठरलेला, 'इकडे सर्व खैरियत. तिकडची खुशाली कळवणे.' नवं काही सांगायचं नाही, तर पंधरा पैसे कशाला खर्च करायचे, असं मला तेव्हा वाटे. त्याचं उत्तर पन्नाशी उलटल्यावर एका संगणकानं दिलं.

१९९१ साली मी अम्मीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर टिपून ठेवल्या होत्या. अम्मी गेल्यावर भाच्यानं त्या कॅसेटी पुण्याला नेल्या आणि माझ्या जुन्या संगणकावर जेलीफिन नावाचा मीडिया सर्व्हर बसवून दिला. आपली गाणी, चित्रफिती एका जागी ठेवायच्या आणि घरात टीव्हीवर, फोनवर लावायच्या, असं हे सॉफ्टवेअर. २०१८च्या डिसेंबरात एम्बी या सॉफ्टवेअरचा पुढचा कोड खुला राहणार नाही असं दिसलं, तेव्हा काही स्वयंसेवकांनी आधीच्या खुल्या कोडवर ते उभं केलं.

हा सर्व्हर पडद्याआड बरंच काही करत असतो. नव्या फायली हुडकून यादीत घालणं हे त्यातलं मुख्य काम. प्रत्येक कामाचा निकालही तो लिहून ठेवतो : पूर्ण, अयशस्वी, रद्द की मध्येच तुटलं. पण लिहितो ते व्यवस्थापकाच्या पानावर. ते पान मी कधी उघडतच नव्हतो.

भाच्यानं पुण्याहून ओव्यांची फाइल पाठवली, मी ती सर्व्हरवर चढवली आणि निर्धास्त झालो. ईदला खाला आली. ऐंशीच्या पुढची, अम्मीची धाकटी बहीण. म्हणाली, "आपाचा आवाज ऐकव रे." टीव्ही लावला, तर यादीत ओव्या नाहीत. फाइल डिस्कवर होती, पण मला टीव्हीवरची यादी तेवढी ठाऊक. खाला संध्याकाळच्या एसटीनं परत गेली.

रात्री भाच्यानं फोनवरून मला ते पान उघडायला लावलं. तीन आठवडे तेच काम रोज अयशस्वी! कविसंमेलनांच्या चित्रफितींनी मीच डिस्क गच्च भरली होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मग भाच्यानं वेबहुक नावाचं प्लगिन बसवलं. काम संपलं की ते ई-मेल पाठवतं. पहिल्या रात्री फोन इतका वाजला की मी तो बंदच केला. सगळंच सांगणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. आता काम फसलं तरच निरोप येतो.

पण मी विचारलं, "संगणकच बंद पडला, तर निरोप कोण धाडणार?"

भाचा हसला, "मामू, म्हणून रविवारचा एक निरोप चालूच ठेवलाय. सगळं ठीक असलं तरी येईल. नाही आला, तर समजा काहीतरी बिघडलंय."

मला अब्बांचं पोस्टकार्ड आठवलं. अम्मी ते वाचून घ्यायची नाही. आलं एवढं पाहायची आणि जात्याला बसायची. ज्या पंधरवड्यात कार्ड चुकायचं, त्या पंधरवड्यात जात्यावर ओवी नसायची.

खालाला ओव्या मी नंतर फोनवर ऐकवल्या. तिला हल्ली कमी ऐकू येतं. "आपाच आहे ना?" असं तिनं दोनदा विचारलं. ईदला ती माझ्या शेजारी बसली होती, तेव्हा हे विचारावं लागलं नसतं.