दहाएक म्हणजे दहा नव्हे



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी शिकायला इटलीला गेली आहे. भाड्याची खोली कधी मिळेल, असं तिने विचारलं तर घरमालकीण म्हणाली, “उना देचिना दी जोर्नी.” पोरीने बोटांवर दहा दिवस मोजले आणि अकराव्या दिवशी वसतिगृह सोडून बॅगांसकट दारात हजर. खोली रिकामी झालेलीच नव्हती! दोन रात्री मैत्रिणीकडे काढाव्या लागल्या.

घरमालकीण खोटं बोलली नव्हती. ‘दिएची’ म्हणजे दहा, पण ‘देचिना’ म्हणजे दहाएक. आपण आकड्याला ‘एक’ जोडतो, वीसेक, पन्नासेक म्हणतो. इटालियन लोक आकड्याच्या शेवटी ‘इना’ लावतात. वेन्ती म्हणजे वीस, वेन्तिना म्हणजे वीसेक. चिंक्वान्ता म्हणजे पन्नास, चिंक्वान्तिना म्हणजे पन्नासेक. शंभरेकाला मात्र चेन्तिनायो म्हणतात. कशाचे ते सांगताना मध्ये ‘दी’ येतो. जोर्नी म्हणजे दिवस. आणि साध्या आकड्यासोबत ‘चिर्का’ आलं, की समजायचं, अंदाजे.

स्वयंपाकात तर ही भाषा घरचीच वाटेल. तिथल्या पाककृतीत मिठापुढे बरेचदा माप नसतं, ‘क्वान्तो बास्ता’ची आद्याक्षरं असतात. म्हणजे पुरेल तेवढं, आपलं ‘चवीनुसार’. चिमूटभराला ‘उन पित्सिको’. जरा फिरून येऊ म्हणायचं तर ‘दुए पास्सी’, दोन पावलं. आपण पाहुण्याला “दोन घास खा” म्हणतो, तेव्हा घास मोजतो का? तसंच ते.

पण बायांनो, अंदाज मिठाला चालतो, भाड्याला आणि तारखेला चालत नाही. गटाच्या वहीत आपण कधी ‘पाचशेच्या आसपास’ लिहितो का? मग परक्या गावी आपल्या लेकीनेही विचारायला हवं, “क्वान्ती जोर्नी दी प्रेचीझो?” नेमके किती दिवस? जमलं तर तारीख लिहूनच घ्यावी. त्यात उद्धटपणा नाही.

त्या ताई परवा बैठकीत म्हणाल्या, “मी इथं दर महिन्याला पै न् पै मोजून घेते. पण पोरीला मात्र शिकवलं, मोठ्यांना उलटं विचारू नये.”

मैत्रिणींनो, हे शिकवणं आता बदलू या.