संपत्तीची सरासरी आणि बाळंतिणीचा जीव

देश किंवा राज्य श्रीमंत झाले की तेथील आरोग्यसेवा आपोआप सुधारते, हा समज सर्वस्वी खोटा नसला तरी अपुरा आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की गरीब देशात उत्पन्न थोडे वाढले तरी आयुर्मान झपाट्याने वाढते, पुढे मात्र ही वाढ मंदावते, आणि सारख्या उत्पन्नाच्या देशांतही आयुर्मानात जे अंतर उरते त्याची कारणे उत्पन्नाबाहेर शोधावी लागतात.

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या श्रोत्यांना हे पाहण्यासाठी परदेशात डोकावण्याची गरज नाही. अलीकडच्या वर्षांत दरडोई उत्पन्नात कर्नाटक हे महाराष्ट्र आणि केरळ या दोहोंच्याही पुढे आहे. तरीही २०१८-२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण, म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात, प्रसूतीत किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्याच कारणाने दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या, कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात अवघी १९ होती. दरडोई उत्पन्न ही शेवटी सरासरी असते, आणि बंगळूरची मिळकत तीत बीदरच्या शेतमजुराच्याही नावावर मांडली जाते. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये अतिमागास ठरवलेल्या राज्यातील ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले, म्हणजे बीदर ज्यात येते त्या विभागातले होते.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो, आणि तो थांबवायला गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, जुळणारे रक्त आणि प्रसंगी भूलतज्ज्ञ हाताशी लागतो. इंजेक्शन स्वस्त असते; रात्री दोन वाजता ते टोचणारे माणूस जागेवर ठेवणे तेवढे सोपे नसते. बीदरला २००७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे घटनेच्या ३७१ जे कलमामुळे या भागातील रहिवाशांना शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळाल्या, हे मोलाचेच. पण महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि कळा तांड्यावर सुरू होतात.

अशाच मागास, अवर्षणग्रस्त मुलखात, महाराष्ट्रातल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभे केले आणि खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायांना गरोदरपणाची तपासणी, बाळंतपण आणि बालसंगोपन शिकवून गावोगावच्या आरोग्यसेविका केले. जामखेड तेव्हा श्रीमंत नव्हते.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्याबरोबर एवढे जरूर विचारावे: आपल्या दवाखान्यात रात्रपाळीला कोण असते?