पडद्यावरची झाशी

चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरणाऱ्या गर्दीत जरा कान देऊन उभे राहावे. लोकांची मते किती झटपट तयार होतात ते तेथे कळते. ‘‘लढाया झकास आहेत,’’ असे एक गृहस्थ सांगतात. ‘‘दोन गाणी कमी असती तर चालले असते,’’ असे दुसऱ्याचे म्हणणे पडते. एखादी सूनबाई विचारते, ‘‘आई, नथ अगदी तुमच्यासारखी होती, नाही?’’ त्यावर सासूबाई उत्तरतात, ‘‘नथ होती ग, पण लुगडे नेसवता आले नाही त्यांना.’’ या शेवटच्या अभिप्रायाला वर्तमानपत्री परीक्षणात सहसा जागा मिळत नाही. वास्तविक तो जाणकाराचा असतो. घर येईपर्यंत ही मते विरून जातात आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही.

मात्र पडद्यावरची नायिका झाशीची राणी असली आणि पाहणारा लक्ष्मी दरवाजाच्या आसपास राहणारा असला, म्हणजे गोष्ट इतक्यावर मिटत नाही. त्याच्यापाशी पडताळून पाहायला प्रत्यक्ष जागा असते.

झाशीचा कोट शिवराव भाऊंच्या कारकीर्दीतला. त्याच्या दरवाजांपैकी ओरछा, दतिया, सागर ही नावे त्या त्या गावांच्या वाटा दाखवतात. खंडेराव आणि लक्ष्मी ही नावे मात्र दैवतांची आहेत, आणि खंडेराव हे नाव तर बुंदेलखंडात कोठून आले हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. १७४२ च्या सुमारास नारो शंकरांबरोबर मराठी माणूस येथे स्थिरावला. लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले, की लक्ष्मीताल लागतो. त्याच्या काठी नेवाळकरांच्या महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि जवळच गंगाधररावांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. त्यांची ही छत्री राणीने बांधविली.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५३ साली, सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ प्रकाशित झाला. टेक्निकलर पद्धतीने काढलेला हा भारतातला पहिला चित्रपट. छायालेखनासाठी मोदींनी ‘गॉन विथ द विंड’मुळे नाव झालेल्या अर्नेस्ट हॅलर यांना बोलावून आणले, संगीत वसंत देसाईंकडे सोपविले, राजगुरूची भूमिका स्वतः केली आणि राणीचे काम पत्नी मेहताब यांना दिले. १९५६ साली त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. एवढे करून चित्रपट तिकिटबारीवर पडला. मेहताब तेव्हा तिशी ओलांडलेल्या होत्या आणि कोवळी राणी म्हणून प्रेक्षकांना त्या पटल्या नाहीत, हे मत तेव्हापासून चालत आले आहे. मत वावगे नाही. पण एवढ्या खटाटोपाचा निकाल नायिकेच्या वयावर लावणे थोडे निष्ठुर वाटते.

२०१९ साली तर एकाच वर्षात दोन राण्या पडद्यावर आल्या. जानेवारीत कंगना राणावत यांचा ‘मणिकर्णिका’ लागला. त्याच्याविषयी लोकांनी मते दिली ती चित्रीकरण चालू असतानाच! राणीचे एका इंग्रज अधिकाऱ्यावर प्रेम दाखविले आहे, अशा वदंतेवरून २०१८ साली राजस्थानात निषेध झाले आणि निर्मात्यांना खुलासे करावे लागले. न पाहिलेल्या चित्रपटावर माणूस जितक्या आवेशाने बोलतो, तितका पाहिलेल्यावर बोलत नाही. नोव्हेंबरात आलेला ‘द वॉरियर क्वीन ऑफ झांसी’ हा इंग्रजी चित्रपट न्यूयॉर्कवासी स्वाती भिसे यांचा, आणि त्यात राणी झाल्या त्यांच्या कन्या देविका. परदेशातल्या मराठी घरातील मायलेकींना ही कथा सांगावीशी वाटली, ही गोष्ट कौतुकाची आहे. तो मात्र फारसा चालला नाही.

या चित्रपटांविषयीच्या गप्पा शेवटी एका दृश्यापाशी येऊन ठेपतात : दत्तकपुत्राला पाठीशी बांधून किल्ल्यावरून घोडा फेकणारी राणी. या उडीविषयी इतिहासकारांना शंका आहे. प्रेक्षकाला ती हवी असते, आणि चित्रपटकाराने ती दिली म्हणून त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न निराळाच आहे. घोडा तटाबाहेर पडला, की कॅमेराही त्याच्या मागोमाग बाहेर पडतो. पाठीमागे शहर उरते, त्याचे काय?

त्या शहरात एक मराठी माणूस अडकून पडला होता. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी निघून गेली. त्यानंतर शहरात जी कत्तल आणि लूट झाली, ती भटजींनी लपूनछपून पाहिली. हलवाईपुरा पेटला, घराघरांतून माणसे ओढून मारली गेली, संस्थानच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. भटजींची गाठीची कमाईही गेली. हे सारे ते गावगप्पा सांगाव्यात तशा साध्या भाषेत लिहितात, आणि म्हणूनच ते वाचवत नाही.

याच भटजींची राणी पडद्यावरच्या राणीहून जिवंत आहे. ती पहाटे उठून व्यायाम करते, पुष्कळ पाण्याने स्नान करते, पांढरे चंदेरी लुगडे नेसते, महालक्ष्मीच्या दर्शनाला कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून जाते. एकदा दर्शनाहून परतताना शहराच्या दरवाजाशी भिकाऱ्यांनी गर्दी केली. थंडीने माणसे गारठली आहेत असे दिवाणांकडून कळताच, त्या सर्वांना टोपी, बंडी आणि घोंगडी देण्याचा हुकूम तिने सोडला. पुढे काल्पीच्या वाटेवर हीच राणी धुळीने माखलेली, तहानलेली अशी एका विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढू लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतः दोर हाती घेते. हे दृश्य चित्रित करायला घोडेही फारसे लागणार नाहीत.

आणि गंगाधरराव? पडद्यावर ते बहुधा येतात ते दत्तकविधान करून मरण्यापुरते. वस्तुतः हा राजा नाटकांचा षोकी होता. त्याने नाटकशाळा बाळगली होती आणि तो स्वतः स्त्रीवेष घेई. इंग्रज अधिकाऱ्याने याबद्दल छेडले तेव्हा, तुम्ही तर इथल्या मोठमोठ्या राजांच्या हातांत बांगड्या भरल्यात, मी तर लहान संस्थानिक, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची हकीगत भटजींनी नोंदवली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, सांगणाऱ्याला राजाच्या थट्टेआडची व्यथा कळली होती. एखाद्या नटाला यापेक्षा चांगला प्रवेश कोणता हवा?

राणीचा अंत जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला झाला. तिची समाधीही तेथेच आहे. नाटकवेडे गंगाधरराव मात्र लक्ष्मीतालाच्या काठी एकटेच राहिले. महालक्ष्मीला आलेली माणसे जाता जाता त्यांच्या छत्रीवर नजर टाकतात, आणि परत दरवाजातून आत, बाजाराकडे, वळतात.