तपासणी आणि खाडा



ग्रामीण स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेत नाही, याचे खापर तिच्या अज्ञानावर आणि लाजेवर फोडण्याची सोयीस्कर रीत पडली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींची ही तपासणी झालेली आढळली. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणी लाजल्या, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठवाड्यातच झालेला एक प्रयोग पाहावा.

टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. आरोग्यसेविकांनी घरी जाऊन निमंत्रण दिले. तपासणी प्रशिक्षित परिचारिकांनी केली. बोलावलेल्या दर दहांपैकी सुमारे आठ जणी आल्या! स्त्रिया त्याच कोरडवाहू मुलखातल्या, तितक्याच संकोची. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या ३४ हजारांच्या गटात या रोगाचे ३४ मृत्यू झाले. तपासणीविना राहिलेल्या ३१ हजारांच्या गटात ६४. (तुलनेसाठी इतक्या गरीब स्त्रिया तपासणीविना ठेवाव्यात काय, हा बोचरा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला.)

आता जालना जिल्ह्याकडे वळावे. मंठा, परतूर, अंबड भागांतली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एक दिवस काम चुकले की मुकादम खाडा लावतो. गावातले शिबिर हिवाळ्यात, बाई फडावर! ती गावी असली तरी तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडते, आणि दोष आढळलाच तर पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या, एस.टी.चे भाडे व सोबतीच्या माणसाची मजुरीही. शासनाची तपासणी मोफत आहे खरी. तिथवर पोहोचणे मोफत नाही.

भीतीचे कारणही शेजारीच सापडते. बीड जिल्ह्यात २०१९मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आले की, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या पुष्कळ जणींना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे खाजगी दवाखान्यांत सांगितले गेले. कर्करोगाचे नाव ज्यांनी केवळ शस्त्रक्रियेच्या बिलासोबत ऐकले, त्यांनी तपासणीच्या टेबलापासून दूर राहणे याला अडाणीपणा म्हणता येत नाही. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, हे त्यांना गावच्या आशाताईकडून, ओळखीच्या तोंडून कळावे लागेल.

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेकडे मागायचे ते भित्तिपत्रक नव्हे. शिबिरे वैशाख-ज्येष्ठात, टोळ्या गावी असताना, घ्यावीत. तपासणाऱ्या स्त्रियाच असाव्यात. त्या दिवसाची मजुरी व दोष आढळल्यास प्रवासखर्च मिळावा. आणि हंगामात साखर कारखान्यांनी तळावरच तपासणी करावी, त्या दिवशी खाडा न लावता.